लिहिल्या शब्दाचे उत्तरदायित्व

बोललेला शब्द हवेत विरतो आणि लिहिलेला मागे उरतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. मराठी राज्यात वतनाचा किंवा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत, निवाडा मान्य राहील असा राजीनामा लिहून देत, आणि शेवटी महजर होऊन त्यावर साक्षी पडत. कागदावर नांगर, कट्यार किंवा तराजू यांची निशाणी उमटवणाऱ्या निरक्षर बलुतेदारासही आपण काय करीत आहो याची पुरती जाणीव असे. त्या दिवशी घरात किंवा पारावर तो जे बोलला असेल ते वेगळे, आणि सभेपुढे लिहून दिले ते वेगळे, हे त्यास कोणी समजावून सांगावे लागत नसे.

बोलणे आणि लिहिणे यांतील ही सीमारेषा गेल्या वीस वर्षांत पुसली गेली आहे. हातातल्या मोबाइलवर मनुष्य फेसबुक किंवा व्हॉट्सॲप यांवर जे लिहितो ते पारावरच्या गप्पांच्या सुरात लिहितो. संताप, थट्टा, कुजबूज, शिवी हे सारे त्यात असते. परंतु कायदा त्या मजकुराकडे पाहतो तो लेख म्हणून, प्रसिद्धी म्हणून आणि पुरावा म्हणून. मनोवृत्ती बोलणाऱ्याची आणि उत्तरदायित्व लिहिणाऱ्याचे, अशी ही विलक्षण अवस्था आहे. ती आपल्या देशात कशी उत्पन्न झाली आणि सामान्य मनुष्याच्या हक्कांवर तिचा काय परिणाम झाला, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटते. हा इतिहास पाहू गेल्यास त्याचा आरंभ मोबाइलपाशी होत नाही, तो छापखान्यापाशी होतो. आणि त्यातली काही महत्त्वाची पाने मराठी आहेत.

१

छापखान्याच्या बाबतीत इंग्रज सरकारचे पहिले धोरण असे की, शब्दाला धनी असलाच पाहिजे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले. दीडशेहून अधिक वर्षे हा कायदा टिकला. नियतकालिकांपुरता त्याची जागा घेणारा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. १८६७ च्या या व्यवस्थेत नियंत्रणाचा हेतू उघड होता. तरी तिच्या योगाने लिहिणाऱ्यास एक आडोसाही मिळत असे, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. वाचकाने पाठवलेले पत्र संपादक वाचून पाही, त्यातला आततायी शब्द काढून टाकी, प्रसंगी पत्र परत पाठवी. छापले तर त्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेई. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर आणि जग यांच्यामध्ये एक शहाणे डोके आणि काही दिवसांचा अवकाश उभा असे.

राजद्रोहाचे कलम मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात होते. १८६० च्या दंडसंहितेतून ते गळले आणि १८७० मध्ये १२४-अ या क्रमांकाने पुन्हा आले. त्याखालचा पहिला गाजलेला खटला १८९१ मध्ये कलकत्त्यास 'बंगबासी' पत्रावर झाला आणि ज्यूरीचे एकमत न झाल्याने तो निकालावाचून राहिला. कलमाला खरी धार आली ती सहा वर्षांनी, मुंबईत.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. १५ जूनच्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त व शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली कविता प्रसिद्ध झाली. २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या दोन घटनांचा संबंध न्यायालयात सिद्ध करण्यात आला नाही, पण जुलैअखेर टिळकांना अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. कलमात शब्द होता 'डिसअफेक्शन'. स्ट्रेचींनी ज्यूरीस सांगितले की, त्याचा अर्थ प्रीतीचा अभाव. सरकारविषयी कोणत्याही प्रकारची, कितीही अल्प अशी दुर्भावना वाचकाच्या मनात उत्पन्न करण्याचा यत्न झाला तरी पुरे. दंगा झाला की नाही हे पाहण्याचे कारण नाही. नऊपैकी सहा यूरोपियन सभासदांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

याच वर्षी दुसरा एक खटला त्याच उच्च न्यायालयापुढे होता, आणि तो मराठी वाचकांच्या स्मरणात फारसा राहिलेला नाही. सातारा जिल्ह्यातील 'प्रतोद' पत्रावरचे अपील तीन न्यायाधीशांच्या पूर्ण पीठापुढे आले. मुख्य न्यायाधीश फॅरन, पार्सन्स आणि तिसरे महादेव गोविंद रानडे. शिक्षा कायम राहिली, पण तिचे मान कमी झाले. स्ट्रेचींनी लावलेला अर्थ मात्र या पीठाला जसाच्या तसा मानवला नाही. प्रेम नसणे वेगळे, आणि सत्ता झुगारून देण्याकडे नेणारा द्वेष वेगळा, असा भेद पार्सन्स व रानडे यांनी केला. मनातील भावना आणि तिच्यापासून उत्पन्न होणारी कृती यांच्यामध्ये कायद्याने कोठे उभे राहावे, हा तो वाद. पुढील सव्वाशे वर्षांतले सारे वाद याच एका प्रश्नाचे पोटप्रश्न आहेत.

सरकारने अर्थातच स्ट्रेचींची बाजू घेतली. १८९८ मध्ये १२४-अ ची भाषा अधिक व्यापक झाली, आणि निरनिराळ्या वर्गांत वैरभाव वाढवण्याबद्दलचे १५३-अ हे कलम तिच्या जोडीस आले. आज समाजमाध्यमावरील मजकुरावरून जी फिर्याद नोंदली जाते तीत याच कलमाचा नवा अवतार वारंवार दिसतो, म्हणून हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२

१९०८ चा खटला सर्वांस ठाऊक आहे. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख, न्यायमूर्ती दावर, सात विरुद्ध दोन असे ज्यूरीचे मत, सहा वर्षे काळे पाणी आणि मंडाले. त्याची कथा येथे पुन्हा सांगत नाही. त्यातल्या दोन गोष्टींकडेच लक्ष वेधावयाचे आहे, कारण त्या आजच्या विषयाच्या अगदी मर्माच्या आहेत.

पहिली गोष्ट भाषांतराची. लेख मराठी, न्यायालय इंग्रजी. ज्यूरीत सात यूरोपियन व दोन पारशी. मराठी ज्याची मातृभाषा असा एकही नव्हता. म्हणजे निकाल देणाऱ्यांनी 'केसरी' वाचलाच नाही. त्यांनी सरकारी भाषांतर वाचले. टिळकांनी वकील न देता स्वतः बचाव केला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी दीर्घ उलटतपासणी घेतली, आणि मराठी शब्दाला जो इंग्रजी प्रतिशब्द योजला त्याने मूळ अर्थ कसा भडक होतो ते एकेक शब्द घेऊन दाखवले. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले, त्यातला मोठा भाग शब्दार्थाच्या चर्चेचा होता. ती चर्चा पांडित्याची हौस नव्हती. मनुष्याचे स्वातंत्र्य एखाद्या प्रतिशब्दावर टांगलेले असू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट एका पोस्टकार्डाची. टिळकांच्या घराची झडती झाली तेव्हा स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे टिपलेले एक कार्ड सापडले, आणि ते पुराव्यात दाखल झाले. सरकारने स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा केला होता, त्याच्यावर टीका लिहावयाची म्हणून ती नावे टिपली, असे टिळकांचे उत्तर. ते कार्ड प्रसिद्ध करावे म्हणून कोणी लिहिले नव्हते; ते स्वतःसाठी केलेले टिपण होते. परंतु प्रसिद्ध लेखाचा 'खरा हेतू' शोधण्यासाठी खासगी टिपणाचा आधार घेण्यात आला. आज मनुष्याचा मोबाइल जप्त होतो तेव्हा त्याबरोबर असली हजारो पोस्टकार्डे एकदम सापडतात: काय शोधले, कोणास काय लिहिले, कोणते छायाचित्र ठेवले, काय लिहून पुसून टाकले. वाढले आहे ते पोस्टकार्डांचे संख्यामान. त्यांवरून हेतू काढण्याची रीत १९०८ चीच आहे.

त्याच वर्षी शिवराम महादेव परांजपे यांना 'काळ'मधील लेखांबद्दल शिक्षा झाली, आणि १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कवितांच्या पुस्तिकेवरून जन्मठेप काळे पाणी झाले. १९१० च्या कायद्याने छापखान्याकडून जामिनाची रक्कम घेण्याचा परिपाठ पडला. लेखणीवर खटला भरण्यापेक्षा तिच्या धन्याच्या खिशात हात घालणे सरकारला सोपे वाटले.

१९१६ साली टिळकांवर तिसरे प्रकरण आले. बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांचे तत्त्व असे की, भाषण समग्र वाचावे. मधले एखादे कठोर वाक्य उचलून त्यावर निर्णय करू नये. पडद्याचे छायाचित्र काढून, मागचापुढचा संवाद कापून, एकच ओळ पोलिसांपुढे ठेवण्याच्या आजच्या काळात हा निकाल जितका उपयोगी आहे तितका तो १९१६ मध्येही नसेल.

३

स्वातंत्र्य आल्यावर हा प्रश्न आपोआप मिटेल असे पुष्कळांस वाटले होते. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात कन्हैयालाल मुन्शी यांच्या सूचनेवरून भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून 'राजद्रोह' हा शब्द काढण्यात आला. दंडसंहितेतले कलम मात्र जागच्या जागी राहिले. १९५० च्या मे महिन्यात मुंबईतील 'क्रॉस रोड्स' आणि दिल्लीतील 'ऑर्गनायझर' या परस्परविरोधी मतांच्या दोन पत्रांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी रद्द केले. दुसऱ्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'अपराधास चिथावणी' ही कारणे अपवादांत आली, आणि निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे ही अटही आली. १९६२ मध्ये बिहारातील केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ कायम ठेवले, पण हिंसेस किंवा अव्यवस्थेस प्रवृत्त करणाऱ्या शब्दांपुरते त्याचे क्षेत्र आवळले. स्ट्रेचींची व्याख्या अशा रीतीने पासष्ट वर्षांनी मागे पडली.

खासगी टिपणाच्या बाजूने मात्र चाल मंद होती. १८८५ चा तारायंत्राचा कायदा आणि १८९८ चा टपालाचा कायदा यांनी सरकारास निरोप अडवण्याचा व उघडण्याचा अधिकार दिला होता, आणि स्वतंत्र भारतातही तो चालू राहिला. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी ठरवले की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. मनातले ज्ञान सांगावयास लावणे मात्र निराळे. मोबाइलचे कुलूप उघडण्याचा सांकेतिक शब्द हा ठसा की मनातले ज्ञान, हा आजचा वाद याच निकालाच्या दोन बाजूंवर उभा आहे, आणि त्यावर न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याला १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धतीचे बंधन घातले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निःसंदिग्धपणे सांगावयास २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडला.

४

आता मोबाइलच्या युगाकडे वळू. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम घातले गेले आणि ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झाले. अतिशय आक्षेपार्ह मजकूर पाठवणे, किंवा त्रास, गैरसोय व्हावी म्हणून जाणूनबुजून खोटी माहिती पाठवणे, याला तीन वर्षांपर्यंत कैद. या भाषेचे मूळ शोधू गेल्यास मोठे आश्चर्य वाटते. १९३५ मध्ये इंग्लंडात टपालखात्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात हे शब्द आढळतात. दूरध्वनी केंद्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कोणी अर्वाच्य बोलू नये म्हणून ते योजले गेले. एका टेलिफोन-बाईच्या संरक्षणासाठी केलेले वाक्य फिरत फिरत कोट्यवधी लोकांच्या लेखनस्वातंत्र्यावर येऊन बसले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघर येथील एका तरुणीने त्याविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिले, आणि तिच्या मैत्रिणीने त्यांवर पसंतीची खूण केली. दोघींनाही अटक झाली. खटला पुढे बारगळला, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. पण सर्वोच्च न्यायालयात ६६-अ ला आव्हान मिळाले ते याच घटनेनंतर. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल विरुद्ध भारत संघ या खटल्यात न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरीमन यांनी ते कलम समूळ रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या आहेत; पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्या स्वातंत्र्याच्या पोटात येतात, तिसऱ्या पायरीवरच कायद्याने हात घालावा, असा त्या निकालाचा आशय. रानड्यांनी अठराव्या शतकाच्या नव्हे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो भेद सुचवला होता तोच येथे अधिक स्पष्ट रूपाने आला.

परंतु निकाल लागला म्हणजे हक्क हाती आला असे होत नाही. एप्रिल २०१२ मध्ये कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकाला व्यंगचित्र पुढे धाडल्यावरून अटक झाली होती. ६६-अ २०१५ मध्ये मेले. त्यांची पूर्ण सुटका झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. रद्द झालेल्या कलमाखाली देशभर फिर्यादी नोंदल्या जात आहेत हे पाहून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा कारवाया थांबवण्याचा स्पष्ट आदेश द्यावा लागला. ठाण्यातील कागदावर छापलेले कलम न्यायालयाच्या निकालापेक्षा दीर्घायुषी ठरते.

लिहिणाऱ्याचे उत्तरदायित्व कोठपर्यंत, हाही प्रश्न नव्याने उभा राहिला. पूर्वी लेखक, संपादक, मुद्रक, विक्रेता असे चार निराळे मनुष्य असत. आज एकाच बोटाने चौघांचे काम होते. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणे म्हणजे त्यास संमती देणे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. उलट व्हॉट्सॲपवरील गटाचा व्यवस्थापक हा सभासदाने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू सिद्ध झाल्यावाचून, गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. केवळ पसंतीची खूण करणे म्हणजे प्रसिद्ध करणे नव्हे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले. पालघरच्या त्या मैत्रिणीला हे बारा वर्षे आधी कोणी सांगावयास हवे होते.

अब्रूनुकसानीच्या दाव्याची मुदत हा असाच एक प्रश्न आहे. १८४९ मध्ये इंग्लंडात ब्रन्सविकच्या ड्यूकने सतरा वर्षांपूर्वीच्या वृत्तपत्राचा अंक विकत आणावयास नोकर पाठवला, आणि ती विक्री म्हणजे नवी प्रसिद्धी असे न्यायालयाने मानले. मुदत उलटलेला दावा जिवंत झाला. इंटरनेटवरील मजकूर तर रोज कोणी ना कोणी उघडतो. मग मुदत कधी संपावी? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एकदाच प्रसिद्धीचे तत्त्व मान्य करून याला काहीसा आळा घातला. फौजदारी अब्रूनुकसानीचे कलम मात्र २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले, आणि नव्या न्यायसंहितेतही ते कायम आहे.

५

पुराव्याची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावयास हवी, कारण गुन्ह्याशी ज्यांचा कधी संबंध येणार नाही अशांच्याही हक्कांस ती स्पर्श करते. पोटगीचा दावा, भाडेकरूचा तंटा, नोकरीतील चौकशी, अपघाताची भरपाई, या सर्वांत आज समाजमाध्यमावरील मजकूर व छायाचित्रे पुढे येतात. उत्पन्न नाही म्हणणाऱ्या पतीने सहलीची छायाचित्रे लावलेली असली म्हणजे वकिलास वेगळा साक्षीदार शोधावा लागत नाही.

अशा पुराव्याला काही शिस्त असावी म्हणून जुन्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम २००० मध्ये आले. यंत्रातून काढलेल्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवे की नको, यावर वीस वर्षे मतभेद चालला. तो मिटला एका मराठी प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की काय, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफितीवरून ठरवावयाचे होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, प्रतीला प्रमाणपत्र आवश्यकच; मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणले तर ते लागत नाही; आणि अधिकारी प्रमाणपत्र देण्यास नाकारीत असेल तर न्यायालयाकडे दाद मागावी. निकाल लागला तेव्हा त्या विधानसभेची मुदतही संपली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात हीच व्यवस्था अधिक तपशिलाने आली आहे. सामान्य मनुष्याने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. धमकीचा निरोप आला तर केवळ पडद्याचे छायाचित्र काढून मूळ निरोप पुसू नये; मूळ यंत्र व मूळ निरोप हीच त्याची खरी सनद.

न्यायालयाचा कागदही आता याच वाटेने येतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवरून पाठवलेली व उघडून पाहिलेली नोटीस बजावली गेली असे मानले. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, आरोपीस हजर राहण्याची पोलिसांची नोटीस अशा मार्गाने बजावता येणार नाही. दिवाणी देण्याची गोष्ट निराळी आणि अटकेचे भय निराळे, हा विवेक त्यामागे आहे.

सरकारी नोकरीतील माणसांची अडचण आणखी सूक्ष्म आहे. १९६४ चे केंद्रीय आचरणनियम सरकारवर जाहीर टीका करू देत नाहीत. तथापि नोकरीत शिरल्याने मनुष्य भाषणस्वातंत्र्यास सर्वस्वी पारखा होत नाही, असे त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका फेसबुकवरील मजकुराच्या प्रकरणात सांगितले.

६

राजद्रोहाच्या कलमाचे पुढे काय झाले? ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ खालील कारवाया स्थगित केल्या. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. 'राजद्रोह' हा शब्द तीत नाही. पण सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचे १५२ वे कलम आहे, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा आजन्म कारावास किंवा सात वर्षांपर्यंत कैद. १५३-अ चे रूप आता १९६ व्या कलमात आहे. नावे बदलली, क्रमांक बदलले. मजकूर कोणत्या मापाने मोजावा हा प्रश्न उरलाच.

या मापाबद्दलचे उत्तर नागपुराहून आलेले आहे, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. १९४६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एका निकालात असे तत्त्व सांगितले की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मनावरून मोजावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या आणि जेथे तेथे धोका पाहणाऱ्या माणसावरून मोजू नये. पारतंत्र्याच्या अखेरच्या वर्षातील हा विचार. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकावरील फिर्याद सर्वोच्च न्यायालयापुढे आली. त्यांनी व्हॉट्सॲपवर जम्मू-काश्मीरविषयीच्या निर्णयाचा निषेध लिहिला होता आणि शेजारच्या देशास स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी बोस यांचेच माप लावून फिर्याद रद्द केली. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील गुजरातेतील फिर्याद रद्द करतानाही याच मापाचा आधार घेण्यात आला. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अशा बाबतींत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी, असेही न्यायालयाने सांगितले.

तेव्हा स्थिती निराशाजनक आहे असे आम्ही म्हणत नाही. वरच्या न्यायालयांनी केलेली तत्त्वे चांगली आहेत, आणि ती हळूहळू अधिक चांगली होत गेली आहेत. परंतु त्या तत्त्वांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग फार लांब आणि फार खर्चाचा आहे. टिळकांच्या पाठीशी 'केसरी' होता, महाराष्ट्र होता. १८९७ मध्ये बंगालने निधी गोळा केला आणि बचावासाठी बॅरिस्टर पाठवला. आज रात्री अकरा वाजता रागाच्या भरात चार ओळी लिहिणाऱ्या तरुणाच्या पाठीशी पत्र नाही, संपादक नाही, निधी नाही. संपादकाची जोखीम त्याच्याकडे आली, संपादकाचा आधार आला नाही. निर्दोष सुटेपर्यंतची वर्षे हीच त्याची शिक्षा होते.

बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्या आपणां मराठी माणसांच्या बाबतीत १९०८ ची भाषांतराची अडचण अद्याप जिवंत आहे. हैदराबाद, बंगळूर, इंदूर किंवा कलकत्ता येथे राहणारा मनुष्य आपल्या आप्तांच्या गटावर मराठीत लिहितो. त्याची म्हण, त्याचा उपरोध, त्याची गावाकडची शिवी दुसऱ्या भाषेत तक्रारीच्या अर्जावर उतरली की तिचे काय होईल हे सांगवत नाही. 'डोके फोडून घेणे' हा वाक्प्रचार शब्दशः भाषांतरात हिंसेचे आमंत्रण दिसेल. अशा वेळी मूळ शब्दाचा खरा भार सांगणारा जाणता माणूस जवळ असणे फार मोलाचे. आमच्या मंडळांनी गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांच्या बरोबरीने एवढे जरी केले, की आपल्या शहरातील दोनचार मराठी जाणणारे वकील व दोनचार विश्वासू भाषांतरकार यांची नावे हाताशी ठेवली, आणि तरुणांना वरील निकालांची साध्या भाषेत ओळख करून दिली, तर ते काम लहान होणार नाही.

लिहिताना भिऊ नये, हे आपणांस 'केसरी'ने शिकवले. त्याच टिळकांनी एकेका शब्दासाठी न्यायालयात तासन्‌तास वाद घातला, कारण आपण कोणता शब्द का लिहिला हे त्यांना पक्के ठाऊक होते. समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या प्रत्येकास उद्या तोच प्रश्न कोणी विचारू शकेल, आणि त्याचे उत्तर लिहिण्यापूर्वीच आपल्यापाशी असावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.